उशापायथ्याचे शास्त्र

स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाई. या लांबलचक नावातला ‘ग्रामीण’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्तमानपत्रे जागा वाचवण्यासाठी ‘स्वाराती’ एवढेच छापतात आणि नेमका तोच शब्द गळतो. १९७४ साली महाविद्यालय सुरू झाले तेव्हा सगळा खटाटोप त्या शब्दासाठीच होता. मराठवाड्यात डॉक्टर व्हायचे तर औरंगाबाद गाठायचे, तिथे १९५६ पासून शासकीय महाविद्यालय होते. बालाघाटाच्या डोंगरांवरच्या एका तालुक्याच्या गावी असे काही उभे राहू शकते, हे तोवर कुणाच्या मनात आले नव्हते. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा उल्लेख आजही अभिमानाने होतो. ज्यांचे नाव दिले ते स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते खरेच, पण अंबाजोगाईला ते योगेश्वरीच्या शाळेत शिकवणारे गुरुजी म्हणूनही ठाऊक होते. १९७२ च्या जानेवारीत ते गेले. दोन वर्षांनी त्यांच्या नावाने या गावात पुन्हा वर्ग भरू लागले.

या पुस्तकाचा विषय मात्र ते महाविद्यालय नाही. त्याच्या आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयाच्या आसऱ्याने, पुढे गावोगावच्या खासगी संस्थांतून, परिचर्येचे आणि एकूण आरोग्यविज्ञानाचे शिक्षण या जिल्ह्यात कसे वाढत गेले, हा आहे. रुग्णालय आले की परिचारिका लागतात. परिचारिका लागल्या की त्यांना घडवणारी शाळा लागते. ही शाळा नेहमी मागच्या दाराने आली. कोनशिला डॉक्टरांच्या महाविद्यालयाची बसली, गौरवग्रंथ त्यांचे निघाले, आणि परिचर्येच्या वर्गाची नोंद कुठे तरी परिशिष्टात राहिली. परिशिष्टातली ती ओळ उचलून तिचे पुस्तक करावे असे कुणाला वाटले, याचाच मला पहिला आनंद आहे.

या क्षेत्रात नव्याने डोकावणाऱ्या वाचकासाठी थोडी वाट साफ करून देतो. वॉर्डात आपण सरसकट ‘सिस्टर’ म्हणतो, पण त्या एका हाकेमागे शिक्षणाच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. उपकेंद्रावर भेटते ती आरोग्यसेविका बहुधा दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेली असते. रुग्णालयातली अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. ती तीन वर्षांची जीएनएम पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेऊन आलेली असते. पदविकावाल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवीपर्यंत जाता येते आणि त्यापुढे एम.एस्सी.ची वाट आहे. नोकरीतही चढण आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. शिकवणाऱ्या त्या पाठ्यनिर्देशिका. पदविकेच्या परीक्षा राज्याच्या मंडळाकडे, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आणि नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे. एकाच कामाची माणसे तीन दारांतून आत येतात. या व्यवसायाला एका आवाजात बोलणे जड जाते, त्याचे एक कारण मला इथे दिसते.

आणि हे शास्त्र आहे का? अजूनही सुशिक्षित घरांतून हा प्रश्न येतो. सेवाभाव असला, हात हलका असला की झाले, असे लोकांना वाटते. एक प्रसंग घ्या: बाळंतीण सुटून अर्धा तास झालेला आहे. सिस्टर पोटावर हात ठेवते. गर्भाशय घट्ट गोळ्यासारखे लागायला हवे, ते मऊ लागते. ते आपोआप आवळले नाही तर काही मिनिटांत रक्त वाहून बाई हातची जाईल, हे तिला त्या स्पर्शातून कळते. ती लगेच पोटावरून गर्भाशय चोळते, लघवीची पिशवी भरली आहे का बघते, ऑक्सिटोसिनची सोय करते, डॉक्टरांना हाक देते. हे करायला शरीररचना, औषधशास्त्र आणि निर्णयशक्ती तिन्ही लागतात, आणि तेही रात्री अडीच वाजता. डॉक्टर राउंड घेऊन जातात. मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट अशा तीन पाळ्यांत रुग्णाच्या उशापायथ्याशी राहते ती सिस्टर. बिघाडाची पहिली खूण तिलाच दिसते, दिसलेली ओळखण्याचे शिक्षण तिला मिळाले असेल तर.

महाराष्ट्रात हे शिक्षण तीन वाटांनी आले. पहिली वाट मिशनऱ्यांची. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि त्याच्या जोडीने परिचारिका घडवण्याचे काम सुरू झाले. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात जालन्याचे मिशन हॉस्पिटल होते. जातीच्या उतरंडीत ज्यांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती अशा घरांतल्या ख्रिस्ती झालेल्या मुली या वाटेने शिकल्या. परक्याचे मलमूत्र काढण्याचे काम म्हणून उच्चवर्णीय समाजाने जे नाकारले, ते यांनी विद्या म्हणून हाती घेतले. हे ऋण मराठी समाजाने कधी नीट मान्य केलेले नाही.

दुसरी वाट सुधारकांची. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे जे काम केले, त्यात ससून रुग्णालयाच्या साहाय्याने दिलेले परिचर्येचे शिक्षण मोठे होते. विधवा मुलीने रुग्णालयात रात्रपाळी करायची, ही कल्पना त्या काळच्या वाड्यांना सोसवणारी नव्हती. रमाबाईंनी ती शांतपणे रुजवली. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या, हे आपण जाणतो. त्यांना आपण पहिली शिक्षिका म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण त्यांच्या अखेरच्या दिवसांतले ते काम परिचर्येच्या इतिहासात मानाने लिहायला हवे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर आपल्याकडे कादंबरी आली, नाटक आले, चित्रपट आला. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या सालापुढे पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव येते. ते नाव परीक्षेपुरते पाठ करून मुली पुढे जातात. तिच्या आयुष्याबद्दल मराठीत वाचायला काही नाही. डॉक्टर आणि नर्स यांच्या स्मृतींतले हे अंतर या पुस्तकामागची खरी प्रेरणा आहे, असे मला वाटते.

तिसरी वाट विद्यापीठाची, आणि ती उशिरा उघडली. १९४६ मध्ये दिल्लीला आणि वेल्लोरला देशातले पहिले पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. भोर समितीचा अहवाल त्याच वर्षीचा. त्यात दिलेले प्रमाण आजही अंगावर येते: ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. मराठवाड्यात १९५८ पासून विद्यापीठ होते, अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यालाच जोडलेले होते. पण सर्वसाधारण विद्यापीठाच्या कारभारात आरोग्याच्या विद्याशाखा कला आणि वाणिज्य यांच्या गर्दीत उभ्या असत. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाले आणि राज्यातली वैद्यक, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार यांची बहुतेक महाविद्यालये एका छत्राखाली आली. अंबाजोगाईतले वर्ग आणि बीड शहरातली दंत, आयुर्वेद, होमिओपॅथीची महाविद्यालये त्यामुळे एकाच विद्यापीठाची झाली. परिचर्येच्या पदवीला यातून स्वतःचे घर मिळाले, संशोधनाचा हक्क मिळाला, एम.एस्सी.चा प्रबंध लिहिणारी मुलगी दिसू लागली. पदवीबरोबर वॉर्डातला अधिकार मात्र आला नाही. चार वर्षे शिकून आलेली पदवीधर आणि पदविकाधारक एकाच पदावर रुजू होतात, आणि उपचाराच्या निर्णयात दोघींचेही मत विचारले जात नाही.

या तिन्ही वाटांना छेद देणारा एक चौथा विचार बीडच्या अगदी वेशीवर जन्मला. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. आधी त्यांनी गावांत प्रशिक्षित एएनएम ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या तरुण मुली गावात एकट्या राहायला बिचकत आणि गावातल्या बायकाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित, आणि त्यांना शिकवून गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केले. त्या बायकांनी बाळंतपणे केली, कुष्ठरोग आणि क्षय ओळखले, कुपोषण हटवले. १९७८ च्या अल्मा आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, त्या विचाराच्या जगभरच्या नमुन्यांत जामखेड होते. २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ ताईंच्या मुळाशीही हाच धडा आहे.

परिचर्येच्या शाळांनी जामखेडचा हा धडा मनावर घ्यायला हवा होता. त्यांनी तो सहलीपुरता घेतला. विद्यार्थिनींची बस जाते, फोटो निघतात, प्रकल्पवहीत पाने भरतात. एएनएम गावात का टिकली नाही, हा प्रश्न वहीत उतरत नाही. तिला राहायला कुलूप लागणारी खोली हवी, रात्री बोलावणे आले तर सोबत हवी, गावच्या राजकारणापुढे उभे राहायला खात्याची पाठ हवी, या गोष्टी अभ्यासक्रमाबाहेर राहिल्या. या पुस्तकात ज्यांची कथने आहेत त्या निवृत्त आरोग्यसेविका मात्र त्याबद्दलच सर्वांत जास्त बोलल्या आहेत.

आता या जिल्ह्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. अकरा तालुके आणि बहुतेक शेती पावसावर. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. गरोदर बाई फडात मोळ्या उचलते आणि तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या पत्र्याच्या पेटीत राहते. लसीच्या तारखा कारखान्याच्या वेळापत्रकात हरवतात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी परत येते तेव्हा आरोग्यसेविकेच्या रजिस्टरात सहा महिन्यांची रिकामी जागा असते.

त्या रिकाम्या जागेत काय घडले, ते २०१९ मध्ये साऱ्या देशाने वाचले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. इकडच्या बोलीत त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर ना आडोसा ना पाणी, अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते. दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि तिशीतली बाई पिशवी काढून मोकळी होते. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या औषधाने बरे होणारे दुखणे असते. तिला हे वेळेवर, तिच्या भाषेत, तिला विश्वास वाटेल अशा तोंडून कुणी सांगितले असते तर? हे सांगणे म्हणजेच परिचर्या. त्या हजारो बायकांच्या जवळपास कुठे तरी उपकेंद्र होते. मग हे बोलणे का झाले नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि तो परिचर्या शिकवणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असे मला वाटते.

दुसरा आकडा जुना आहे, पण पुसता येणारा नाही. २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. राज्यात सर्वांत कमी. त्यानंतर कायद्याचा बडगा बसला, परिस्थिती सावरू लागली. पण ज्या जिल्ह्यात मुलगी जन्माला येऊ देत नव्हते, त्याच जिल्ह्यातल्या मुली आज एवढ्या संख्येने परिचर्येला येतात, ही गोष्ट मला कमालीची हलवून जाते. वडवणी, धारूर, शिरूर कासारच्या वस्त्यांवरून त्या येतात. कित्येकींचे आईबाप अजून कोयता घेऊन जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहून त्या बारावी झालेल्या असतात. घरात मासिक पगाराची पहिली चिठ्ठी त्यांच्याच नावाने येते. आता मुलगेही येतात, वॉर्डात ‘ब्रदर’ ही हाक रुळली आहे. एके काळी इकडच्या मोठ्या रुग्णालयांत केरळच्या सिस्टर असत. मोडक्या मराठीत त्या आमच्या आयांना धीर देत. आज बीडची पोर पुण्या-मुंबईच्या अतिदक्षता विभागात उभी असते. आईबाप उसाला जातात, लेक ड्यूटीला जाते. गाव दोघांनाही सोडावे लागते, पण लेकीच्या जाण्याला निदान नाव आणि नोंदणी क्रमांक असतो.

ती परत का येत नाही, याचे उत्तर शिक्षणाच्या वाढीतच आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खासगी नर्सिंग संस्था भराभर निघाल्या. त्यांतल्या काहींनी मन लावून काम केले. त्यांच्यामुळेच तालुक्याच्या मुलीला शिकता आले, हे आधी म्हणायला हवे. पण पदवीच्या संस्थेला १०० खाटांचे रुग्णालय हवे आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, हे नियम कागदावर पाळणारेही निघाले. तपासणीच्या दिवशी खाटा भरतात, दुसऱ्या दिवशी रिकाम्या होतात. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलीने स्वतःच्या हाताने पुरेशी बाळंतपणे केलेली नसतात. मग इथला खासगी दवाखाना तिला चतुर्थश्रेणीच्या पगारात राबवतो आणि ती निमूट राबते, कारण आपला हात कच्चा आहे हे तिलाही ठाऊक असते. मुलीची ही फसवणूक आहे आणि तिच्या हाती पडणाऱ्या रुग्णाचीही.

हे पुस्तक आत्ताच का हवे, तेही सांगतो. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये आणि परिचर्या व प्रसूतिसेवेसाठी २०२३ मध्ये केंद्राने नवे आयोग नेमणारे कायदे केले. १९४७ च्या कायद्यावर चालत आलेली परिचर्येची चौकट बदलते आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांची घोषणा झाली, पण ती २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीला. अंबाजोगाईसारखी जुनी संस्था त्या हिशेबात बसत नाही. जिने ‘ग्रामीण’ हा शब्द आधी लावला, तिची गणना यादीबाहेर. म्हणून या जिल्ह्याने आपले म्हणणे आपण मांडायला हवे, आणि म्हणणे मांडायला आधी आपला इतिहास हाताशी हवा.

संपादकांनी तेच केले आहे. शासकीय अहवाल, जुने हजेरीपट, शपथविधीच्या पत्रिका आणि मुख्यतः बोलणी यांतून त्यांनी हा पट विणला आहे. बोलणी त्यांनी जशीच्या तशी ठेवली, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे. ‘पोटात गोळा उठतो’, ‘अंग मोडून येतं’, ‘जीव वरखाली होतो’ ही रुग्णाची भाषा ज्या सिस्टरला कळते, तिलाच निम्मे निदान कळते. पदवीचे शिक्षण इंग्रजीत चालते आणि रुग्ण मराठवाडी बोलीत कण्हतो. या दोहोंमधला पूल पाठ्यपुस्तकात सापडत नाही, तो या कथनांत सापडेल.

माझा एक मतभेद नोंदवतो. संपादकांना पदवी शिक्षणाच्या वाढीत प्रगतीची सरळ रेषा दिसते. मला ती तशी दिसत नाही. दोन वर्षांच्या एएनएमला आपण शिडीची खालची पायरी मानत राहिलो, तोवर गावाला मिळणारी परिचर्याही खालच्या पायरीचीच राहील. विद्यापीठाने आपला सर्वांत चांगला शिक्षक उपकेंद्राच्या अभ्यासक्रमाला द्यावा, असे माझे मत आहे. शिवाय आष्टीकडचा भाग पुस्तकात थोडा पातळ झाला आहे. तिथल्या माणसाला अंबाजोगाईपेक्षा अहिल्यानगर जवळ, त्यामुळे त्यांचा अनुभव वेगळा आहे. पुढच्या आवृत्तीत तो यावा.

वाचकांना एक विनंती आहे. बीड जिल्ह्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या सिस्टर घरोघरी आहेत. त्यांच्या ट्रंकांत प्रशिक्षणाच्या वह्या आहेत, पांढऱ्या साडीतले गटाचे फोटो आहेत, बाळंतपणांची नोंद ठेवलेल्या डायऱ्या आहेत. घर बदलताना किंवा ती बाई गेल्यावर हे सगळे रद्दीत जाते. ते रद्दीत घालू नका. संपादकांकडे किंवा जवळच्या परिचर्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या, आणि ती बाई हयात असेल तर आधी तिच्याजवळ बसून तिचे म्हणणे लिहून घ्या.